तयार ‘आपत्कालीन संच’ नागपूरच्या घरात कितपत कामाचा?

‘फॅमिली इमर्जन्सी किट’ या नावाने लाल किंवा नारिंगी रंगाच्या पाठपिशव्या आता ऑनलाइन बाजारात सर्रास मिळतात. चार जणांच्या कुटुंबासाठी म्हणून विकला जाणारा, साडेतीन हजार रुपयांच्या आसपास किमतीचा असा एक संच मी यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर मागवला आणि नवतप्यापासून, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांपासून, पावसाळा संपेपर्यंत तो घरात ठेवून, वापरून पाहिला. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण जवळजवळ त्याच वस्तू, त्याच छायाचित्रांसह, निरनिराळ्या नावांनी विकल्या जात असल्याचे नंतर लक्षात आले. त्यामुळे हे परीक्षण एका कंपनीचे नसून त्या प्रकारच्या मालाचे आहे, असे समजावे. अभिप्राय आधीच सांगतो. पिशवी उत्तम आहे, आतील निम्म्या वस्तू बऱ्या आहेत, आणि ज्या एका गोष्टीवर संकटाच्या रात्री सर्वाधिक भिस्त असते, ते माहितीचे कार्ड, सर्वांत निष्काळजीपणे तयार केलेले आहे.

पिशवीपासून सुरुवात करू. जाड, पाणी न झिरपणारे कापड, वर गुंडाळून बंद होणारे तोंड आणि अंधारात चमकणारी पट्टी असा तिचा थाट आहे. बादलीभर पाणी ओतून पाहिले, तेव्हा आतील वर्तमानपत्र कोरडेच राहिले. बंद मात्र जरा आखूड आहेत. भरलेली पिशवी पाठीला लावून जिना उतरताना ती खांद्यावरून मागे ओढते. या किमतीत याहून चांगली पिशवी मिळणार नाही, हे मान्य करायला हवे.

आतील मुख्य आकर्षण म्हणजे हँडल फिरवून चार्ज होणारा, टॉर्च आणि रेडिओ एकत्र असलेला डबा. हँडल मिनिटभर फिरवले की वाचण्यापुरता प्रकाश काही मिनिटे मिळतो. जाहिरातीत दाखवलेला झोत विसरावा. जुलैपर्यंत आतील प्लॅस्टिकचे दाते झिजले आणि दर तिसऱ्या फेऱ्याला हँडल ‘कर्र’ आवाज करून मोकळे फिरू लागले. रेडिओची अडचण वेगळी आहे. तो केवळ एफएम पकडतो. आकाशवाणीच्या नागपूर केंद्राचे मूळ प्रसारण मध्यम लहरींवर, ५८५ किलोहर्ट्झवर आहे, आणि खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नसल्याने त्यांच्यावर आकाशवाणीचे बातमीपत्र लागले तरच बातमी मिळते. वीज गेली, मोबाइलचा टॉवर बंद पडला आणि रेडिओ हाच एक आधार उरला, तर हातात असलेला रेडिओ आपल्या गावचे केंद्र पकडणारा नको का? दोन्ही पट्टे असलेला, पेन्सिल सेलवर चालणारा साधा ट्रान्झिस्टर सीताबर्डीत आजही मिळतो आणि या डब्यापेक्षा तो कितीतरी भरवशाचा आहे.

हा संच कोणत्या हवामानासाठी बनवला गेला असावा, याचा उलगडा पुढच्या वस्तूंतून होतो. त्यात चंदेरी पापुद्र्याची चार ‘थर्मल’ पांघरुणे आहेत, जी शरीराची उष्णता बाहेर जाऊ न देण्यासाठी असतात. ज्या शहरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, तेथील माणसाला उष्णता धरून ठेवण्याची सोय करून देणे हा विनोदच म्हणायचा. पावसात रात्रभर भिजलेल्या म्हाताऱ्या माणसाला किंवा लहान मुलाला हे पांघरूण उपयोगी पडते, हे खरे. पण चारांपैकी तीन मी पश्चिमेच्या खिडक्यांना काचेच्या बाहेरून लावली, आणि दुपारी त्या खोलीत कूलरला जरा दम खायला वाव मिळाला. उत्पादकाने सुचवलेला हा उपयोग नव्हे, पण संचातील मला सर्वाधिक लाभलेली वस्तू हीच.

उष्णतेची लाट ही नागपूरची दरवर्षीची आपत्ती आहे. पूर कधीतरी येतो, ऊन ठरलेले असते. तरीही संचात ओआरएसचे एकही पाकीट नाही, थर्मामीटर नाही, आणि पुस्तिकेत उष्माघाताला जेमतेम चार ओळी मिळाल्या आहेत. उलट त्सुनामीला पूर्ण दोन पाने दिली आहेत. मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांवर जाऊन सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी अधिक असेल, किंवा थेट ४५ अंशांना पोहोचले असेल, तर हवामान खाते उष्णतेची लाट मानते आणि ४७ अंशांपासून तीव्र लाट, एवढी साधी माहितीही तीत नाही. घाम थांबून अंग तापणे, बोलण्यात असंबद्धपणा येणे, शुद्ध हरपणे ही लक्षणे दिसली तर पन्हे पाजत बसण्याची वेळ निघून गेलेली असते. माणसाला सावलीत घेऊन अंगावर पाणी मारत, वारा घालत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवायची असते आणि शुद्ध नसलेल्याच्या तोंडात काहीही घालायचे नसते. हे चार शब्द पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर यायला हवे होते.

संच कोठे ठेवावा, याविषयीही पुस्तिका ‘सहज हाती येईल अशा जागी’ एवढेच सांगते. आपल्याकडे अशा वस्तू माळ्यावर जातात. मीही संच माळ्यावरच ठेवला होता, आणि मे महिन्याच्या शेवटी उघडून पाहिला तेव्हा आतील दोन्ही मेणबत्त्या धनुष्यासारख्या वाकलेल्या होत्या, तर जखमेवर लावायच्या पट्ट्यांचा चिकटपणा कागदावर उतरून आला होता. स्लॅबखालच्या माळ्यावर उन्हाळ्यात जे तापमान असते, ते चार्ज होणाऱ्या बॅटरीलाही मानवत नाही. जमिनीवर ठेवावा तर पुराचे पाणी पहिल्यांदा तेथेच येते. छातीइतक्या उंचीवर, दाराजवळच्या भिंतीला मजबूत खुंटी ठोकून पिशवी अडकवणे, हाच त्यावर मला सुचलेला तोडगा आहे. मेणबत्त्या मात्र काढूनच टाकाव्यात, कारण पुरात सिलिंडर हलून गॅसगळती होण्याचा धोका असलेल्या घरात उघडी ज्योत पेटवण्याइतका दुसरा अविचार नाही.

पुराचा विचार करताना नागपूरकराच्या डोळ्यांसमोर २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट उभी राहते. मध्यरात्रीनंतरच्या चारेक तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीने पात्र सोडले आणि अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी यांसारख्या वस्त्यांतील तळमजल्यांत लोक झोपेत असतानाच पाणी शिरले. मोरभवन बसस्थानकात एसटीच्या गाड्या बुडाल्या. राज्य व राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलांच्या तुकड्यांना आणि लष्कराला बचावकार्यात उतरावे लागले. त्या रात्रीच्या कसोटीवर हा संच लावून पाहिला तर काय दिसते? शिट्टी, दोरी आणि पाण्यापासून जपणारी कागदपत्रांची पाकिटे या तीन गोष्टी खऱ्या अर्थाने कामाला आल्या असत्या. पाणी शुद्ध करण्याच्या क्लोरीनच्या गोळ्याही चांगल्या आहेत, फक्त गढूळ पाणी आधी कापडातून गाळून, निवळू देऊन मगच त्यात गोळी टाकायची आणि अर्धा तास थांबायचे, हा क्रम पाकिटावर इंग्रजीत आणि मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापला आहे. जमिनीखालच्या टाकीत एकदा पुराचे पाणी मिसळले की गोळ्यांनी भागत नाही. ती टाकी पूर्ण उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरने धुवावी लागते आणि तोवर पिण्याचे पाणी बाहेरूनच आणावे लागते. संचातील पाण्याची पाकिटे चार माणसांना जेमतेम एक दिवस पुरतील. झाकणाचे वीस लिटरचे दोन कॅन घरात भरून ठेवणे त्याहून स्वस्त आणि शहाणपणाचे आहे.

आता त्या कार्डाकडे वळतो. प्लॅस्टिकमध्ये बंद केलेले, खिशात मावणारे, दिसायला देखणे असे हे कार्ड आहे. ‘महाराष्ट्र’ असा मथळा देऊन त्यावर ठळक अक्षरांत १९१६ हा क्रमांक छापला आहे. तो मुंबई महानगरपालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाचा क्रमांक आहे. महाराष्ट्र म्हणजे मुंबई, हा समज विदर्भातील माणसाला नवा नाही. पण नाग नदीचे पाणी उंबऱ्याशी आलेले असताना तो समज महागात पडू शकतो. कोणत्याही तातडीच्या मदतीचा ११२, अग्निशमनाचा १०१ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे तीन क्रमांक बरोबर आहेत. त्यापुढचे सर्व आपले आपणच लिहायचे आहे, आणि त्यासाठी सोडलेली जागा दोन बोटांएवढी आहे.

म्हणून मी त्या कार्डाच्या मागे कोरा कागद लावून ते नव्याने केले, आणि माझ्या मते संचासाठी मोजलेल्या पैशांपेक्षा या कामात गेलेली संध्याकाळ अधिक मोलाची ठरली. जिल्हाधिकारी कार्यालयातील नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. त्याच्या जोडीला त्या कक्षाचा ०७१२ ने सुरू होणारा दूरध्वनी क्रमांकही लिहून ठेवावा, म्हणजे पुण्यामुंबईला असलेल्या मुलाला किंवा भावालाही तेथून थेट नागपूरच्या कक्षाशी बोलता येते. हे क्रमांक जिल्हा प्रशासनाच्या आणि महानगरपालिकेच्या संकेतस्थळांवर असतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला ते पुन्हा पडताळून घ्यावेत, एरवी कोरड्या दिवशी एकदा फोन लावून पाहावा. महावितरणसाठी १९१२ आणि गॅसगळतीसाठी १९०६ हे क्रमांक देशभर चालतात. त्यांपैकी एकही छापील कार्डावर नव्हता.

महानगरपालिकेचे दहा झोन आहेत आणि झाड पडणे, नाला तुंबणे, रस्त्यावर पाणी साचणे अशा तक्रारींसाठी आपल्या झोनचे कार्यालयच पहिले दार असते. आश्चर्य असे की, वर्षानुवर्षे एकाच घरात राहणाऱ्या अनेकांना आपण धरमपेठ झोनमध्ये आहोत की लक्ष्मीनगरमध्ये, हे सांगता येत नाही. मालमत्ता कराच्या देयकावर झोनचे नाव असते. त्या देयकाची प्रत मी कार्डाला जोडून ठेवली.

हवामानाच्या इशाऱ्यांबद्दल पुस्तिकेत पिवळा, नारिंगी आणि लाल या रंगांचा तक्ता दिला आहे आणि तो चुकीचा नाही, परंतु त्याचा अर्थ लावण्यासाठी लागणारी एक गोष्ट त्यात राहून गेली आहे. हवामान खात्याच्या वर्गवारीत चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार आणि त्यापुढचा सर्वांत वरच्या वर्गातला. सप्टेंबर २०२३ च्या त्या रात्री चार तासांत पडलेला शंभराहून थोडा अधिक पाऊस दिवसभराच्या मापाने पाहिला तर जेमतेम ‘मुसळधार’ या पहिल्याच पायरीवर बसतो. तोच पाऊस दिवसभर रिपरिप पडला असता तर लोकांनी छत्री घेऊन कामे उरकली असती. नदीकाठी किंवा नाल्याला लागून राहणाऱ्याने त्यामुळे रंगाकडे पाहून निर्धास्त होण्याऐवजी पुढील तीन तासांचा जिल्हावार तातडीचा अंदाज, ज्याला खाते ‘नाउकास्ट’ म्हणते, तो पाहण्याची सवय लावावी. विदर्भासाठीचे अंदाज नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्रातून निघतात आणि ते खात्याच्या संकेतस्थळावर व ‘मौसम’ या अॅपवर मिळतात.

अॅपच्या बाबतीत पुस्तिका खासगी कंपनीच्या एका सशुल्क अॅपची जाहिरात करते. त्याची मुळीच गरज नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ मोफत आहे, मराठीतही इशारे देते आणि आपण असलेल्या ठिकाणापुरते इशारे वेगळे काढते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेले ‘दामिनी’ आपल्या जागेपासून वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिघात वीज पडण्याची शक्यता सांगते. विदर्भात विजेने दरवर्षी माणसे आणि जनावरे दगावतात, आणि शहरात राहूनही ज्यांची शेती उमरेड किंवा काटोलकडे आहे, त्यांनी ते शेतावरच्या माणसाच्या मोबाइलमध्येही घालून द्यावे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला तर पक्क्या इमारतीत शिरावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये, हा नियम अॅप नसलेल्यालाही पाळता येतो.

अधिकृत आकडादेखील एक दिवस थांबून पाहावा, याचा धडा नागपूरने मे २०२४ मध्ये घेतला. एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांची नोंद केली, ती देशभर पसरली आणि नंतर उपकरणातील दोषामुळे हा आकडा आल्याचे हवामान खात्याने स्पष्ट केले. दुरुस्ती त्याच खात्याने केली, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. गटागटांतून फिरणाऱ्या ‘धरण फुटले’ छापाच्या निरोपांची दुरुस्ती करायला कोणी येत नाही. अशा निरोपावर पळापळ करण्याआधी १०७७ ला विचारावे.

कागदपत्रांच्या पाकिटांचा उल्लेख वर आला आहे. ती खरोखरच चांगली आहेत आणि तीत काय ठेवायचे, याची पुस्तिकेतील यादीही बरी आहे, पण त्यामागचे कारण दिलेले नाही. पूर ओसरला की पंचनामे होतात आणि मदत बँक खात्यात जमा होते. २०२३ च्या पुरानंतर बाधित कुटुंबांसाठी दहा हजार रुपयांची तातडीची मदत जाहीर झाली होती. आधार, पासबुकाचे पहिले पान, घराचा पुरावा आणि घरमालकाशी केलेला करार यांच्या प्रती कोरड्या राहिल्या तर त्या वेळी हेलपाटे वाचतात. चिखल धुण्यापूर्वी प्रत्येक खोलीची, भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेसकट, छायाचित्रे काढून ठेवावीत.

प्रथमोपचाराच्या डब्याबद्दल आमच्या तळमजल्यावरच्या काकूंनी दिलेला अभिप्राय माझ्यापेक्षा अचूक आहे. मी संच दाखवायला नेला, तेव्हा त्यांनी डबा उघडला, पट्ट्या, कापूस, कात्री चाळली आणि विचारले, “अहो, यात माझ्या बीपीच्या गोळ्या कुठं आहेत? अन् इन्सुलिन?” तयार संचात त्या असूच शकत नाहीत, हे उघड आहे, परंतु आठवडाभराची नेहमीची औषधे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत ठेवायला एखादा रिकामा कप्पा तरी असायला हवा होता. इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवायचे असते आणि मे महिन्यात वीज तासन्‌तास गेली तर फ्रिजवर विसंबता येत नाही. पाण्याने भरलेल्या मातीच्या मडक्यात कोरडा, घट्ट झाकणाचा डबा ठेवून त्यात इन्सुलिन जपण्याची जुनी रीत काकूंना ठाऊक होती, पुस्तिका लिहिणाऱ्याला नव्हती.

विक्रीनंतरच्या सेवेविषयी थोडक्यात लिहितो. टॉर्चच्या तक्रारीला ग्राहक सेवेने तत्परतेने उत्तर दिले, मात्र बदली डबा येण्यास इतका वेळ लागला की तोवर पोळा होऊन गेला. कार्डावरील क्रमांकाबद्दल लिहिलेल्या पत्राला ‘आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे’ असे ठरावीक उत्तर आले.

हिशोब मांडला तर साध्या पाठपिशवीसह टॉर्च, ट्रान्झिस्टर, शिट्टी, दोरी, ओआरएस, क्लोरीनच्या गोळ्या आणि प्रथमोपचाराचे सामान सीताबर्डी व इतवारीत मिळून निम्म्या खर्चात जमते आणि त्यात इतवारीची एक चांगली ताडपत्रीही बसते. ज्यांना बाजारात फिरणे जमत नाही अशा ज्येष्ठांना मुलांनी हा संच भेट द्यायला हरकत नाही, मात्र मेणबत्त्या काढून, ओआरएस घालून आणि कार्ड स्वतःच्या हाताने लिहून. नाग किंवा पिवळी नदीच्या काठच्या तळमजल्यावर राहणाऱ्यांनी साडेतीन हजारांतील बरीचशी रक्कम इन्व्हर्टर आणि विजेचा मुख्य खटका कमरेच्या वर उचलून घेण्यावर खर्च करावी. पिशवी नंतर घेतली तरी चालेल. पाचपैकी अडीच गुण देतो, त्यांतील दीड केवळ पिशवीचे आहेत.